उद्याची खबर नसलेली पानं

(म्हसळा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१७ जुलै १९४७. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना या तारखेची ओळख करून द्यावी लागत नाही. गटारी अमावास्या होती. मुंबईहून सकाळी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवसाविषयी पुढे खूप लिहिलं गेलं. वाचलेल्यांनी आठवणी सांगितल्या, चौकशी झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. मला कुतूहल आहे ते आदल्या दिवसाचं, १६ जुलैचं. त्या रात्री गिरगावातल्या किंवा डोंगरीतल्या एखाद्या खोलीत कुणी वहीत लिहिलं असेल, की उद्या सकाळच्या बोटीने निघायचं, आईसाठी लुगडं घेतलं, उसने पैसे फेडले. त्या ओळीला दुसऱ्या दिवसाची काहीही खबर नसणार. म्हणूनच एका चाकरमान्याची घरी जाण्याची ओढ तिच्यात जशी उतरेल, तशी नंतरच्या कुठल्याच वृत्तांतात उतरणार नाही.

आज मला जे सांगायचं आहे, ते या एका गोष्टीभोवतीच आहे. ज्या दिवसाची नोंद त्याच दिवशी होते, तिला पुढचं ठाऊक नसतं. आठवणी लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, इतिहासकाराला तर तो माहीत असतोच. पत्र त्याच दिवशी लिहिलं जातं हे खरं, पण ते वाचणाऱ्याचा चेहरा समोर ठेवून. रोजनिशी लिहिणारा मात्र तेवढ्या दिवसापुरताच शहाणा असतो. साध्या माणसाच्या साध्या दिवसाचं खरं माप त्याच्याकडेच मिळतं.

आपल्या शेजारच्या रायगडापासून सुरुवात करू. ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता. त्याने आपल्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा तारीखवार वृत्तांत लिहून ठेवला. सिंहासन, दरबार, सोन्याच्या भाल्यांवरची चिन्हं हे सगळं त्यात आहे. त्याच वकिलातीची हकिकत सांगताना जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने आणखी एका माणसाची आठवण नोंदवली आहे. तो होता खालचा एक म्हातारा खाटीक. या पाहुण्यांनी थोड्या दिवसांत जेवढं मांस घेतलं, तेवढं त्याचं कित्येक वर्षांत खपलं नव्हतं. म्हणून एवढं मांस खाणारी माणसं आहेत तरी कोण, हे बघायला तो गड चढून वर आला. राज्याभिषेकावर बखरी झाल्या, काव्यं झाली, पण त्यांतल्या कुणालाही या खाटकाची गरज वाटली नाही. रोजचं खाणंपिणं, पाऊस, वाट, मुक्काम यांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या कागदातच त्याला जागा मिळाली. गडाच्या पायथ्याशी जगणाऱ्या माणसाचा धंदा कसा चालत होता, त्याचं कुतूहल काय होतं, हे आज आपल्याला कळतं ते त्या एका नोंदीमुळे.

पुढचं शतक तर आपल्या दारातलंच. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले आणि त्यांच्या घराण्याच्या कारभाराचे कागद पुण्यात रुमालांमध्ये बांधले गेले. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतले निवडक कागद काढले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशी म्हणून छापले गेले. धान्याचे भाव, वैद्यांना दिलेली इनामं, गुन्हे आणि दंड, देवस्थानांचे खर्च अशा नोंदींनी ते खंड भरले आहेत. त्या काळचं राज्य रोज कसं चालत होतं, हे पाहायला याहून चांगलं साधन नाही. पण ही रोजनिशी दप्तराची आहे. दंड किती झाला ते कारकुनाने लिहिलं, तो भरताना त्या घरात काय विकलं गेलं ते लिहिणं हे काही त्याचं काम नव्हतं. त्या घरात त्या दिवशी कुणाच्या हातात लेखणी असती, तर दुसरी बाजूही आपल्यापर्यंत आली असती.

घरातल्या माणसाच्या हातात लेखणी आली की काय घडतं, हे पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी दाखवलं. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असं कानावर आलं आणि ते १८५७ साली काकांबरोबर निघाले. वाटेत बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते शहरात होते. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम त्यांनी वर्णिला आणि शहर लुटलं गेलं तेव्हा लपून काढलेले दिवसही वर्णिले. गंगेची कावड खांद्यावरून वरसईपर्यंत आणून त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सगळं लिहिलं ते १८८३ च्या सुमारास, म्हणजे सव्वीस वर्षांनी. वैद्यांनी १९०७ मध्ये पुस्तक छापलं, ते आपल्या हाताने बदल करून. मूळ पोथीबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. ‘माझा प्रवास’ हे मराठीचं धन आहे आणि मी ते कितीदाही वाचायला तयार असतो. तरी वाचताना कळतं, की हा माणूस सुखरूप घरी पोचल्यानंतरचा आहे. भीतीचे प्रसंगही तो स्थिर मनाने सांगतो, कारण आपण त्यातून वाचलो हे त्याला माहीत आहे. झाशीतल्या त्या लपण्याच्या जागेत, सुटका होईल की नाही हे ठाऊक नसताना, त्याने चार ओळी खरडल्या असत्या तर त्या कशा असत्या, हा प्रश्न मनातून जात नाही.

त्याचं उत्तर देणारा माणूसही आपल्याच जिल्ह्यातला आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातली नोकरी सोडून १८७९ मध्ये त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड केलं आणि रानावनात हिंडत असताना आत्मवृत्त लिहिलं, रोजनिशी ठेवली. उद्या पकडले जाऊ की फौज जमेल, हे लिहिताना त्यांना माहीत नव्हतं. माणसं येतात, सोडून जातात, पैसा उरत नाही, प्रकृती साथ देत नाही, ही रोजची झीज ज्या दिवशी झाली त्याच दिवशी कागदावर उतरत गेली. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले तेव्हा हे लेखन सरकारच्या हाती लागलं आणि खटल्यात पुरावा म्हणून उभं राहिलं. त्यांना जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात ते वारले. सरकारने करवून घेतलेल्या भाषांतरामुळे ते लेखन आज आपल्याला वाचता येतं. त्या पानांतला माणूस चौकातल्या पुतळ्यापेक्षा थकलेला आहे, एकटा आहे, कधी निराशही आहे, आणि त्यामुळे तो मला अधिक मोठा वाटतो. खरं लिहिणाऱ्याला रोजनिशीची केवढी किंमत मोजावी लागू शकते, तेही या एका उदाहरणात दिसतं. या मुद्द्याकडे मी शेवटी येणार आहे.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या बाबतीत आपलं भाग्य दुहेरी आहे. त्यांनी उत्तरायुष्यात ‘माझ्या आठवणी व अनुभव’ लिहिलं आणि तरुणपणापासून रोजनिशीही ठेवली. १९०१ ते १९०३ या काळात ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकत होते. १९३० मध्ये कायदेभंगात येरवड्याच्या तुरुंगात गेले. दोन्ही काळांतल्या नोंदी प्रा. गो. मा. पवार यांनी संपादित करून १९७९ मध्ये प्रसिद्ध केल्या आणि पुढे शिंदे यांचं चरित्रही लिहिलं. एकाच माणसाचं आयुष्य दोन्ही अंगांनी वाचायची संधी मराठीत क्वचित मिळते. आठवणींत कार्य दिसतं, त्याची दिशा दिसते, टप्पे दिसतात. रोजनिशीत परदेशातला एक विद्यार्थी दिसतो, ज्याला आपण पुढे डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढणार आहोत याची कल्पनाही नाही. तरुणांनी थोरांची चरित्रं वाचावीत असं आपण म्हणतो. मी म्हणेन, त्यांच्या रोजनिश्या आधी वाचा. थोर होण्यापूर्वीचे त्यांचे दिवस आपल्यासारखेच अनिश्चित होते, हे कळलं की उभारी येते.

गांधीजींनी तर ही सवय चळवळीच्या शिस्तीत बसवली. १९३० च्या दांडीयात्रेत त्यांच्याबरोबर चालणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी रोज सक्तीच्या होत्या: प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी. दिवसभर चालून पाय सुजलेल्या माणसाने रात्री आपल्या दिवसाचा जबाब स्वतःला द्यायचा. महादेवभाई देसाई यांनी १९१७ पासून १९४२ मध्ये आगाखान महालात मृत्यू येईपर्यंत जी रोजनिशी लिहिली, ती वगळून गांधीजींचं चरित्र कुणाला लिहिता येणार नाही.

आता मी ज्यांची नावं घेतली, ते वकील, वैदिक ब्राह्मण, क्रांतिकारक, महर्षी. सगळे पुरुष, आणि सगळ्यांच्या हाती अक्षर आलेलं. बाकीच्यांचं काय? त्यासाठी दूर अमेरिकेतल्या मेन प्रांतात जाऊ. मार्था बॅलर्ड ही तिथली सुईण. १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं ती रोज चार ओळी लिहीत राहिली. आज हवा कशी होती, कुणाकडे बाळंतपण झालं, किती मोबदला मिळाला, सूत किती काढलं, भाजी कुठली लावली. ८१६ बाळंतपणांची नोंद तिच्या हातची आहे. इतिहासकारांनी ती वही अनेकदा चाळली आणि किरकोळ म्हणून बाजूला ठेवली. मग लॉरेल उल्रिक या विदुषीने तोच किरकोळपणा जोडून बघितला आणि त्यातून एका गावातलं बायकांचं अर्थकारण, वैद्यक, कर्ज, लग्नं, भांडणं असं सगळं उभं केलं. १९९० मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. चार ओळींत किती मावतं, हे रोज लिहिलं तरच कळतं.

आपल्या आयाबहिणींनी असं काही लिहिलं नाही, असं मानायला मी तयार नाही. त्यांनी लिहिलं आहे. ते भिंतीवर टांगलेलं असतं म्हणून आपल्याला दिसत नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं आणि थोड्याच वर्षांत मराठी घरांच्या स्वयंपाकघरात ते खिळ्याला लागलं. तारखेच्या चौकोनात बाई काय लिहिते ते आठवा. दुधाचा खाडा. सिलिंडर लावल्याचा दिवस. भिशीचा हप्ता. मुलाची फी. पाळीच्या तारखेची बारीक फुली. डॉक्टरांनी दिलेली तारीख. कुवेतहून फोन आला. चाकरमानी येणार. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. तिला स्वतःची वही घेऊन बसायला निवांत वेळ मिळाला नाही, म्हणून तिने कामाच्या ओघात, ओट्यापाशी उभं राहून बारा पानांवर वर्ष लिहून काढलं. ज्या घरात अशी वीस वर्षांची कॅलेंडरं एकापाठोपाठ ठेवलेली असतील, त्या घरात चुलीवरून गॅसवर कधी आलो, टेलिफोन कधी लागला, आखाताचा पैसा कधी यायला लागला आणि कधी आटला, मुलीचं शिक्षण कितवीत थांबलं किंवा थांबलं नाही, हे सगळं तारखेनिशी मिळेल. ही आपल्या बायकांची रोजनिशी आहे. आणि डिसेंबर संपला की ती आपण रद्दीत देतो.

हीच गोष्ट इथल्या इतर वह्यांची. म्हसळ्याचा विचार करताना माझ्या मनात तीन प्रकारची दिनगणना येते. एका घरात शके आणि तिथी, त्या शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन निघतो. दुसऱ्या घरात हिजरी सन आणि चांद. तिसरी इंग्रजी तारीख, जी शाळेतून आणि कचेरीतून आली. त्यात शेतकऱ्याची नक्षत्रं वेगळीच: मृगाला पेरणी, आर्द्रात लावणीची घाई. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हे नबाबी मुलखाचे तीन महाल होते. त्या काळातल्या दुकानदाराची कीर्द, बागायतदाराची सुपारीची वही, बोटीवर गेलेल्या खलाशाचं टिपण, आगोट भरताना केलेली मीठ-मिरची-सुक्या मासळीची यादी, पावसाळ्यात बोटी बंद झाल्यावर महिनोन् महिने न आलेल्या मनिऑर्डरीची वाट पाहिल्याची नोंद, असे कागद माळ्यावरच्या पेट्यांत अजून असू शकतात. ते मोडीत असतील, उर्दूत असतील, बालबोधीत असतील. मोडी व्यवहारातून गेल्याला पाऊणशे वर्षं होत आली. नातवाला आजोबांचं अक्षर वाचता येत नाही, म्हणून तो त्या कागदाला निरुपयोगी समजतो. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग चालवतं. इथल्या दोन-चार तरुणांनी मोडी शिकावी, दोन-चारांनी उर्दू हस्ताक्षर वाचायला शिकावं. या गावाचा एक दिवस पुरा करायचा तर हिंदू घरातली वही आणि मुसलमान घरातली वही शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागेल. एकाच पावसात दोघांची छपरं गळली आहेत.

जुन्या काळाचं राहू द्या. ३ जून २०२० आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा होता, असं हवामान खात्याच्या नोंदीत आहे. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारीची जी झाडं पडली, त्यांच्या जागी लावलेलं रोप धरायला पाच-सात वर्षं जावी लागतात. हे सरकारी कागदात आहे, पंचनाम्यात आहे. पण ४ जूनला सकाळी घरात काय शिजलं? टाळेबंदीत मुंबईहून आलेली माणसं त्या रात्री कुठे निजली? कोण कोणाच्या छपरावर पत्रा टाकायला गेला? वीज गेली, टॉवर बंद पडले, ते कित्येक दिवस. तेव्हा निरोप कसे पोचले? पुढच्या शंभर वर्षांत या किनाऱ्यावर पुन्हा वादळ येईल, तेव्हा इथल्या लोकांना पंचनाम्यापेक्षा या उत्तरांचा जास्त उपयोग होईल. आपल्याकडे फोटो आहेत, पण ते त्या वेळच्या मोबाइलमध्ये आहेत आणि त्यातले कित्येक मोबाइल आज बंद पडले आहेत. हातात जेवढं साधन आलं, तेवढी आपली आठवण अल्पायुषी झाली.

यावर उपाय आहे आणि तो म्हसळ्याएवढ्या गावाला झेपणारा आहे. इटलीत तोस्काना प्रांतात पिएवे सांतो स्तेफानो नावाचं लहानसं गाव आहे. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावून ते जवळजवळ पुरतं उडवलं. ज्या गावाची जुनी घरं गेली, त्याने चाळीस वर्षांनी, १९८४ मध्ये, साध्या माणसांच्या रोजनिश्या जपायचं ठरवलं. सावेरिओ तुतिनो या पत्रकाराने पुढाकार घेतला आणि देशभरातून लोक वह्या पाठवू लागले: सैनिक, मोलकरणी, परदेशी गेलेले मजूर, शेतकरी. क्लेलिया मार्की या शेतकरी बाईने नवरा गेल्यानंतर आपली कहाणी लिहिली ती घरातल्या पलंगाच्या चादरीवर, ओळीखाली ओळ, चादर भरेपर्यंत. ती चादर घेऊन ती त्या गावात आली. आज तिथे हजारो वह्या आहेत आणि इटलीचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या लहान गावाची पायरी चढावी लागते. इंग्लंडमध्ये १९३७ पासून वेगळा प्रयोग झाला. सामान्य लोकांना १२ मे या एका दिवसाची नोंद लिहून पाठवायला सांगितलं गेलं, आणि अलीकडे दर वर्षी त्याच तारखेला पुन्हा तसं आवाहन केलं जातं.

आपल्याला इमारत नको, अनुदान नको. गावातल्या वाचनालयात एक बंद होणारं लोखंडी कपाट पुरे. दर वर्षी मृग लागतो त्या दिवशी, साधारण ७ जूनला, ज्याला लिहिता येतं त्याने आपल्या दिवसाचं एक पान लिहावं. ज्याला येत नाही त्याचं घरातल्या मुलाने लिहून घ्यावं. पेरणीचं, बाजारातल्या भावाचं, एस.टी. वेळेवर आली की नाही याचं, कुणाशी बोललो, कुणाशी अबोला आहे याचं. सुंदर लिहायची गरज नाही. तारीख, वार, गाव, वाडी आणि लिहिणाऱ्याचं वय तेवढं नीट लिहा.

फडक्यांची रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली, हे विसरून चालणार नाही. रोजनिशीत दुसऱ्यांची गुपितं असतात, घरातले तंटे असतात, आजार असतात, बाईने कुणालाही न सांगितलेलं दुःख असतं. म्हणून कपाटात वही ठेवणाऱ्याला अट घालता आली पाहिजे. माझ्या मृत्यूनंतर उघडा, तीस वर्षांनी उघडा, फक्त घरच्यांना दाखवा, नावं झाकून वाचा, अशी प्रत्येकाची अट पाकिटावर लिहावी आणि वाचनालयाने ती शब्दशः पाळावी. हा विश्वास एकदा मोडला तर कुणीही खरं लिहिणार नाही, आणि खोट्या वह्यांचं कपाट कुणालाच नको. नवऱ्याने बायकोची वही किंवा मुलाने आईचं कॅलेंडर तिला न विचारता आणून देऊ नये, एवढा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्याविषयी आपण बोलतो ते त्यांच्या कार्याविषयी. त्यांचा एक साधा दिवस कसा उजाडायचा आणि कसा मावळायचा, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? ही उणीव पुढच्या पिढीला आपल्याबद्दल जाणवू नये. म्हणून माझी विनंती आहे. येत्या ३१ डिसेंबरला भिंतीवरचं कॅलेंडर उतरवाल तेव्हा घरातल्या बाईला विचारा, की हे ठेवायचं का. ती हो म्हणाली तर त्यावर पेन्सिलीने घराचं आणि वाडीचं नाव लिहा, तिची अट लिहा आणि ते वाचनालयात आणून द्या. माळ्यावरची पेटी या पावसाळ्याआधी उघडा आणि वाळवीने धरलेल्या वह्या आधी बाहेर काढा. या कामासाठी पंडिताची वाट पाहायची गरज नाही. लिहिणारे आपणच आहोत, जपायचंही आपणच आहे.